दार पावणेआठला, ताटं साडेनऊला: भांडुपच्या एका घराचा प्रकरण अभ्यास

मागणी साधी होती. रात्रीच्या जेवणासाठी झटपट होणाऱ्या, पौष्टिक पदार्थांची यादी हवी होती. ती मागायला आलेल्या बाईंच्या मोबाइलमध्ये अशा पाककृतींचे व्हिडिओ ढिगाने साठवलेले होते आणि त्यातला एकही त्यांनी करून पाहिला नव्हता. आहारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या नोकरदार घरांत हे नेहमीचंच. म्हणून यादी देण्याआधी मी त्यांना एक आठवडा मागितला. हे टिपण त्या आठवड्याचं आणि पुढच्या काही महिन्यांचं आहे. घर ओळखू येऊ नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. माणसांना मी मुलांच्या नात्यानेच आई, बाबा, आजी म्हणते.

घर

भांडुप पश्चिमेला वन बीएचके, माणसं पाच. आई फोर्टमधल्या एका कार्यालयात. सकाळी आठच्या सुमाराची स्लो लोकल, संध्याकाळी पावणेआठपर्यंत परत, मध्य रेल्वेची मर्जी असेल तर. बाबांची नोकरी अंधेरीच्या एमआयडीसीत, पाळीची: घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून मेट्रो. पहिली पाळी असली की साडेचारला घरी, दुसरी असली की मध्यरात्रीच्या आसपास. आजी अडुसष्ट वर्षांच्या, जुना मधुमेह, गुडघे कुरकुरतात. मुलगी नववीत, मुलगा तिसरीत. भांड्यांना सकाळी मावशी येतात. स्वयंपाकाला कुणी नाही.

माझ्याकडे येण्याचं निमित्त आजींची तीन महिन्यांची साखर. ती वाढली होती, आणि डॉक्टरांनी गोळी वाढवण्याआधी रात्रीचं जेवण बघा असं सांगितलं होतं. बाबांच्या कंपनीतल्या तपासणीत ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबीही, वर गेलेलं. आईंना यातल्या कशापेक्षा जास्त टोचत होतं ते हे, की स्वयंपाकघर त्यांचं असूनही आठवड्यातल्या तीन-चार रात्री दारावर डिलिव्हरीवाला उभा असायचा.

वहीतला आठवडा

चार वेळांची नोंद ठेवायची होती: दार कधी उघडलं, गॅस कधी पेटला, ताटं कधी वाढली, आणि बाहेरून मागवलं असेल तर ते कधी ठरलं. वही मुलीकडे दिली. मोठी माणसं अशा नोंदीत स्वतःला सांभाळून घेतात, मुलं घेत नाहीत. तिने समासात शेरेही मारले होते. "आई फ्रीज उघडून उभी." "बाबा म्हणाले काहीही चालेल." "आजीने भूक लागली म्हणून बिस्किटं खाल्ली."

दार पावणेआठ-आठला उघडत होतं आणि ताटं साडेनऊ-पावणेदहाला वाढली जात होती. या पावणेदोन तासांत गॅस पेटलेला असायचा जेमतेम चाळीस मिनिटं. हातपाय धुणं, चहा, मुलाच्या वहीवर सही यात वीस-पंचवीस मिनिटं. राहिलेला जवळजवळ पाऊण तास काय करायचं हे ठरवण्यात, निवडण्यात, चिरण्यात आणि कणीक मळण्यात जात होता. झटपट पाककृती त्या चाळीस मिनिटांच्या पंचवीस करते. पाऊण तासाला ती हातच लावत नाही. व्हिडिओ का पडून राहिले होते याचं उत्तर मला इथे मिळालं.

मंगळवार आणि गुरुवार शेजारी ठेवून पाहिले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. मंगळवारी आई लवकर आल्या, साडेसातच्याही आधी. फ्रीजमध्ये शिरा न काढलेला घेवडा आणि मेथीची जुडी, डब्यात कोरडे मूग, कणीक नाही. आठच्या आत जेवण मागवून झालं. गुरुवारी सिग्नल बिघडला, गाड्या रखडल्या, आई पावणेनऊला घामाघूम घरी पोचल्या, आणि तरीही नऊ-सव्वानऊला घरचं जेवण ताटात होतं. सकाळच्या डब्याची मटकीची उसळ जास्त झाली होती आणि कणकेचा गोळा उरलेला होता. "फार दमते म्हणून मागवते" असं आई मला पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या. वही वेगळं सांगत होती. ज्या रात्री निवडलेलं, भिजलेलं, मळलेलं काही नसे, त्या रात्री मागवलं जात होतं, मग त्या दमलेल्या असोत की नसोत. मागवलेलं जेवणही पाऊण तासाने येत होतं, हे वेगळंच.

त्या आठवड्यात बाबांची पहिली पाळी होती. म्हणजे साडेचारपासून ते घरी होते. संध्याकाळच्या नोंदींत त्यांचं नाव त्या "काहीही चालेल"पुरतंच.

ताटात काय होतं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठीची आहारतत्त्वं नव्याने काढली. त्यातल्या २००० किलोकॅलरीच्या दिवसाच्या ताटात भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, धान्यं २५० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली असा हिशेब आहे. हे आकडे मी सहसा कुणाच्या तोंडावर फेकत नाही, पण या घरात ते उपयोगी पडले, कारण ताटात कुठे खड्डा आहे ते लगेच कळलं. मुलाचा आणि आजींचा वाटा कमी धरला तरी पाच माणसांना दिवसाला दीड-पावणेदोन किलो भाजी लागते. घरात रोज अर्धा किलो शिजत होती, त्यातही दोन दिवस बटाटा, जो या हिशेबात भाजी म्हणून धरतच नाहीत. डाळ-कडधान्य साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास हवं. तिथे एका वाटी तूरडाळीचं पातळ वरण सगळ्यांना पुरवलं जात होतं. पोळी आणि भात मात्र भरपूर. मागवलेल्या जेवणात तर शेजवान राइस, नूडल्स, पनीरची लाल ग्रेव्ही आणि नान. म्हणजे पुन्हा धान्यच, वर तेल आणि मीठ.

पौष्टिक म्हटलं की लोक ओट्स, किन्वा, चिया यांच्याकडे धावतात. या घराला त्यातलं काहीही लागत नव्हतं. डाळ दुप्पट आणि भाजी तिप्पट करायची होती, आणि पाऊण तास त्या आईच्या अंगावरून उचलून दुसरीकडे ठेवायचा होता.

कोण काय करणार

दुसरी बैठक त्यांच्या घरी, रविवारी घेतली. मेगाब्लॉक असल्याने सगळे घरात होते. मी आजींना विचारलं, दुपारी काय करता? सूनबाई घाईने म्हणाल्या, "आईंचे गुडघे दुखतात, त्यांना मी काही सांगत नाही." आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "गुडघे दुखतात गं, हात नाही दुखत. मला वाटायचं माझं काम हिला पसंत पडत नाही, म्हणून विचारत नाही."

सात-आठ वर्षं एकमेकींना जपण्यात दोघींनी काम अडवून धरलं होतं. यावर आहारशास्त्रात धडा नाही, पण माझ्या कामातला निम्मा भाग हाच असतो.

आजींकडे बसून करायची कामं गेली. सकाळी सगळे बाहेर पडले की कडधान्य भिजत घालायचं. दुपारी मालिका बघताना घेवड्याच्या शिरा काढायच्या, मेथी-पालक निवडायचा, लसूण सोलायचा. चिरायचं मात्र नाही. एक तर नजर कमी झालेली, दुसरं म्हणजे चिरलेली भाजी मुंबईच्या दमट हवेत लवकर पाणी सोडते.

बाबा म्हणाले, "मला स्वयंपाक येत नाही." मी म्हटलं, स्वयंपाक करायचाच नाहीये, कुकर लावायचा आहे. पहिल्या पाळीच्या आठवड्यात येताना स्टेशनबाहेरच्या बाजारातून भाजी आणणं आणि साडेसातला कुकर लावणं, ही दोन कामं त्यांची. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. आकडा सांगितल्यावर बाबा हसले, मुलगी हसली नाही.

तिच्याबद्दल मी एक अट घातली. आईचा भार हलका करताना तो नकळत मुलीवर सरकतो, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता आधीच बोलून टाकते. तिला जेवढं काम, तेवढंच तिसरीतल्या भावाला, त्याला झेपेल तसं. तिच्याकडे कोशिंबीर, त्याच्याकडे ताटं-वाट्या मांडणं, पाणी भरणं, दही काढणं. मुलाने दही सांडलं, दोनदा. तिसऱ्यांदा नाही.

कुकर

बाबांना कुकर शिकवला तो मीच, आणि त्यात बराच वेळ घालवला, कारण मुंबईच्या बहुतेक घरांत कुकर शिट्ट्या मोजून चालवतात. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडणं, शिजण्याचं माप नव्हे. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० ऐवजी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात तासभर घेणारी तूरडाळ पंधरा मिनिटांत मऊ होते. हे तापमान एकदा गाठलं की मोठी आच ठेवून काही साधत नाही, नुसती वाफ आणि गॅस जातो. पहिली शिट्टी झाली की आच बारीक, आणि घड्याळ बघायचं. बाबा कारखान्यात यंत्रावर काम करतात, त्यांना हे माझ्यापेक्षा लवकर कळलं. त्यांनी फ्रीजवर खडूने मिनिटांचा तक्ताच लिहिला.

तीन डब्यांचा कुकर रोज एकाच पद्धतीने लागतो. खाली डाळ, हळद-हिंग घालून, तिप्पट पाणी. मधे भात. वरच्या डब्यात पाणी न घालता भाजी: दुधीच्या किंवा लाल भोपळ्याच्या फोडी, बीट, गाजर, कधी फ्लॉवर. वरचा डबा या घरात रिकामाच असायचा. त्यात आता रोज पाव ते अर्धा किलो भाजी आयती शिजते, आणि तिला फक्त फोडणी किंवा दह्यात कालवणं लागतं. लाल भोपळ्याचं भरीत, बिटाची कोशिंबीर, दुधी तसाच वरणात घोटलेला. मुलाला वरणातला दुधी अजून ओळखता आलेला नाही. (हे वाचून कुणी त्याला सांगू नये.)

डाळ दुप्पट लावायची. निम्मं साधं वरण गार करून फ्रीजमध्ये जातं आणि दुसऱ्या संध्याकाळी आमसूल आणि गोडा मसाला घालून आमटी होतं, किंवा निवडलेला पालक पडून डाळपालक. दोन दिवसांपलीकडे ठेवायचं नाही.

भातावर मात्र मला बोलावं लागलं. आदल्या रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीचा भात करायचा ही जुनी रीत. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत, उबदार भातात वाढतात, आणि त्यांचं एक विष पुन्हा कडकडीत गरम केलं तरी जात नाही. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये आणि फ्रीज ५ अंशांच्या खाली असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मे महिन्यातल्या मुंबईत मी दोन तासही धरत नाही. भात परातीत पसरायचा, वाफ गेली की डब्यात, डबा फ्रीजमध्ये. फोडणीचा भात बंद झालेला नाही, फक्त ओट्यावरचा मुक्काम बंद झाला.

रविवारी काय करायचं आणि काय नाही

आठवडाभराची भाजी रविवारी चिरून डबे भरायचे, हा सल्ला आईंनी आधी कुठून तरी ऐकून करून पाहिला होता. बुधवारी कोबीला वास, गुरुवारी गाजर चिकट, शुक्रवारी सगळं कचऱ्यात, आणि वरून पैसे फुकट घालवल्याची टोचणी. चिरलेल्या भाजीतलं क जीवनसत्त्वही हवेशी संबंध आला की कमी होत जातं. मी चिरण्याला रविवारच्या कामातून काढून टाकलं.

रविवारी फक्त टिकणारं करायचं. कांदा-सुकं खोबरं भाजून केलेलं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या. आलं-लसूण-मिरचीचंही तसंच. उसळीला दोन वड्या, आमटीला एक. शेंगदाण्याचं कूट, तिळाची किंवा जवसाची चटणी. भाजणी महिन्यातून एकदा. पालेभाजी न धुता, कोरडी, सुती कापडात गुंडाळून. एवढं दीड तासात होतं आणि त्यात बाबा असतात, कारण खोबरं किसायला जोर लागतो.

जेवणाचा आराखडा आम्ही नव्याने केलाच नाही. मराठी घरात आठवड्याला वारांचा सांगाडा आधीच असतो. या घरात सोमवार आणि गुरुवार शाकाहारी, बुधवार-शुक्रवार मासळी किंवा अंडी, रविवारी जे सगळ्यांना हवं ते. त्यावर कडधान्यं बसवली. सोमवारी मुगाची उसळ, मंगळवारी आमटी-भात आणि पालेभाजी, बुधवारी अंडाकरी, गुरुवारी पिठलं, शुक्रवारी कोळणीकडून साफ करून घेतलेले बोंबील किंवा बांगडे. साफ करून घेतलेले, हे महत्त्वाचं. ते वीस रुपये वाचवायला गेलं की रात्रीची वीस मिनिटं जातात. शनिवार बाहेरच्या जेवणाला मोकळा सोडला, ठरवून. मुलांना तो वार माहीत असला की मंगळवारी हट्ट होत नाही.

त्यामुळे "आज काय करू?" हा प्रश्न रात्री आठ वाजता विचारायची गरज उरली नाही. आजी सकाळी वार बघून भिजत घालतात, बाबा वार बघून भाजी आणतात.

पोळ्या

सगळ्यात जास्त वाद यावर झाला. पाच माणसांच्या चौदा-पंधरा पोळ्या, मळण्यापासून भाजण्यापर्यंत पाऊण तास सहज. मी म्हटलं, आठवड्यातले चार दिवस पोळ्या विकत आणा. कोपऱ्यावर पोळी-भाजी केंद्र आहे, बायका तिथे संध्याकाळी गरम पोळ्या आणि भाकऱ्या लाटतात. आजींनी तोंड वाकडं केलं. विकतची पोळी म्हणजे घर मोडल्याची खूण, असं त्यांच्या पिढीतल्या बऱ्याच जणींना वाटतं.

खरं तर मुंबईत दुसऱ्या बाईच्या हातची पोळी खाणं हे नवं नाही. गिरणगावात कामगारांना डबे आणि खाणावळ पुरवणाऱ्या बायका पिढ्यान् पिढ्या होत्या. त्याच बायकांना घेऊन १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आजींचं लग्नाआधीचं घर त्याच गिरणगावातल्या लालबागचं. हे नाव घेतल्यावर त्यांना चाळीतल्या खाणावळवाल्या मावशी आठवल्या आणि विरोध थोडा मऊ झाला. शेवटी तोड निघाली: सोमवार ते गुरुवार केंद्रातून, त्यातही दोन दिवस ज्वारीची भाकरी. शुक्रवारी भात. शनिवार बाहेरचा, रविवारी आजींना आवडतात तशा घडीच्या पोळ्या घरी.

यात माझा नियम एवढाच: पोळी-भाकरी विकत घ्या, आमटी-भाजी घरी करा. पोळीत पीठ, पाणी आणि थोडं तेल, लपवण्यासारखं फारसं काही नाही. ग्रेव्हीत किती तेल आणि किती मीठ गेलं ते बाहेरून कळत नाही, आणि मिठाची दिवसाची मर्यादा माणशी ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. लोणचं-पापड धरला तर तो चमचा घरीच भरतो.

गाडी लेट असेल तेव्हा

काही तयार नसताना वीस मिनिटांत होतील असे चार पदार्थ फ्रीजवर लिहून ठेवले. पाचवा मुद्दाम लिहिला नाही. यादी वाढली की पुन्हा निवडत बसावं लागतं.

पिठलं-भात. बेसन घरात असतंच, दहा मिनिटांचं काम. सोबत चिरलेला कांदा-टोमॅटो-काकडी.

मुगाच्या डाळीची खिचडी, पण आमच्या प्रमाणाने. बहुतेक घरांत तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ पडते. इथे दीड वाटी तांदूळ, दीड वाटी सालाची मूगडाळ, गाजर, मटार, टोमॅटो, मूठभर शेंगदाणे. मूगडाळ भिजवावी लागत नाही. तांदळाच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी, तो डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन हा दुसरा घटक कमी, तो तांदळात. म्हणून दोन्ही बरोबर असली की प्रथिनं जास्त उपयोगी पडतात. समसमान खिचडी घट्ट होते, पाणी साडेचार-पाचपट घालावं लागतं. मुलाने पहिल्यांदा "ही पिवळी आहे" म्हणून नाक मुरडलं. तूप आणि भाजलेल्या पोह्याच्या पापडाने प्रश्न मिटला, आणि पापडावर मीही डोळेझाक केली.

अंड्याची भुर्जी. माणशी दोन अंडी म्हणजे बारा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. त्यात कांद्याएवढीच सिमला मिरची आणि टोमॅटो घालायचा.

भाजणीचं थालीपीठ, दही आणि काकडी. हे आई करतात तेव्हा पंचवीस मिनिटं लागतात, आजींना पंधरा.

सुकटीची चटणी यादीत हवी होती, बाबांचा आग्रह होता. सुकट दमदार प्रथिनांची आहे खरी, पण मीठही तेवढंच. धुऊन, महिन्यातून दोनदा, एवढ्यावर तडजोड झाली.

आजींचं ताट

त्यांच्यासाठी वेगळं काही शिजवायचं नाही हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. वेगळं पथ्य पाण्यात जातं, कारण ते करायला कुणाला वेळ नसतो आणि खाणाऱ्याला आजारी असल्यासारखं वाटतं. फक्त क्रम बदलला. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, भात शेवटी आणि छोटी वाटी. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जेवणानंतरची साखर तेवढी उसळत नाही. पूर्वी साडेनऊची वाट बघताना त्या बिस्किटं खायच्या, तीही बंद झाली. जेवणाची वेळ तासभर अलीकडे आल्याने गोळीची वेळ मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारून बदलून घेतली. हे कुणीही आपापल्या मनाने करू नये.

मुलांचं संध्याकाळचं खाणंही याच ओघात सुधारलं. क्लासवरून येताना वडापाव व्हायचा आणि मग रात्री भूक नसायची. आता आजींच्या भिजवलेल्यातून उकडलेले हरभरे किंवा मोड आलेली मटकी, कुरमुरे, कांदा-टोमॅटो आणि लिंबू. मुलगी याला भेळच म्हणते. वडापाव शुक्रवारी आहे.

काय टिकलं, काय नाही

दारापासून ताटापर्यंतचा वेळ आता साधारण पाऊण तासावर आला आहे, त्यात आईंचा चहाही धरला आहे. बाहेरचं जेवण शनिवारचं, आणि क्वचित अजून एखादं. आजींची पुढची तपासणी चांगली आली, गोळी वाढली नाही. त्यात संध्याकाळची बिस्किटं बंद झाल्याचा वाटा मोठा असावा, म्हणून सगळं श्रेय मी रात्रीच्या जेवणाला देणार नाही. बाबांचं ट्रायग्लिसराइड थोडं खाली, हवं तेवढं नाही. दुसऱ्या पाळीला कँटीनमध्ये ते काय खातात ते वहीत येत नाही.

पावसाळ्यात मोड फसले. मटकीला एका रात्रीत लांब मोड आणि दुसऱ्या दिवशी बुळबुळ. जून ते सप्टेंबर आम्ही मोडांचा नाद सोडला. भिजवलेलं कडधान्य थेट कुकरमध्ये जातं आणि पोटाला तेही चालतं. नाचणीचा प्रयोगही पडला. नाचणीत कॅल्शियम भरपूर, म्हणून मी आंबील सुचवली होती. घरात कुणालाच ती रात्री आवडली नाही. ती आता सकाळी फक्त आजी घेतात.

जुलैत एका संध्याकाळी कुर्ला-सायनच्या मधे पाणी भरलं आणि आई तीन तास गाडीत अडकल्या. फोन लागत नव्हता. त्या घरी पोचल्या तेव्हा सगळ्यांचं जेवण झालं होतं, खिचडी आणि कोशिंबीर झाकून ठेवली होती. काय करायचं हे कुणी त्यांना विचारलं नव्हतं. मला फोनवर हे सांगताना त्या आधी खूश होत्या आणि मग म्हणाल्या, "खिचडी जरा खारट झाली होती हं."

दुसऱ्या पाळीचे आठवडे अजून अवघड जातात. बाबा नसतात, कुकर मुलगी लावते, आणि मला जे नको होतं तेच होतं. त्यावर आई आणि बाबांनी काढलेला उपाय असा: दुसऱ्या पाळीला बाबा दुपारी एकला निघतात, तर निघण्याआधी कुकर तेच लावतात आणि वरण-भात गार करून फ्रीजमध्ये ठेवतात. रात्री फोडणी आणि गरम करणं उरतं. पुढच्या महिन्यात आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. त्या दिवसांत निवडणं आणि भिजवणं बंद राहणार, म्हणून केंद्रातल्या ताईंकडे पोळ्यांबरोबर रोज अर्धा किलो उसळही सांगून ठेवली आहे, मीठ कमी आणि वरून तेल नको या बोलीवर.